एस आकाराचे ड्रॅगन पेंडंट: जेड खरे का, आणि काळ खरा का

प्रश्न थोडक्यात असा: हाँगकाँगहून घरी आलेले, एस आकाराचे, मान मागे वळवलेल्या ड्रॅगनचे जेडचे पेंडंट आहे. लांबी 11 सेंटिमीटर, जाडी 5 मिलिमीटर, वजन 46.2 ग्रॅम. अंगभर उठावाचे बारीक कण, शेपटीकडे खडूसारखा पांढरेपणा, पाठीच्या उंचवट्यावर एक भोक. सोबतच्या चिठ्ठीवर ‘युद्धरत राज्यांचा काळ’ म्हणजे इ.स.पू. 475 ते 221 असे लिहिले आहे. हे जेड खरे का आणि काळ खरा का?

हे दोन प्रश्न आधी वेगळे करा, कारण पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देते आणि दुसऱ्याचे देत नाही. जेडमध्ये कार्बन-14 ने मोजता येईल असे सेंद्रिय काही नसते. मातीच्या भांड्यांना चालणारी, भाजल्यापासूनचा काळ मोजणारी ऊष्मादीप्ती पद्धतही येथे लागू होत नाही, कारण जेड भट्टीत भाजलेले नसते. खनिजाचे वय मोजता आले तरी ते डोंगराचे वय झाले, कोरीव कामाचे नव्हे. म्हणून ‘जेड 2300 वर्षे जुने असल्याचे’ सांगणारे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र कोणी दाखवले, तर ते प्रमाणपत्रच संशयास्पद समजा. काळ ठरतो तो हत्यारांच्या खुणा, घडण, जमिनीत झालेले बदल आणि कागदपत्रे यांवरून. यातला एक पुरावा ठामपणे विरुद्ध गेला की दावा पडतो. एकच पुरावा बाजूने गेला म्हणून दावा उभा राहत नाही.

आधी दगड. जेड हे नाव दोन वेगळ्या खनिजांना आहे. नेफ्राइट हे ट्रेमोलाइट-अ‍ॅक्टिनोलाइट गटातले. काठिण्य 6 ते 6.5, विशिष्ट गुरुत्व (म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) साधारण 2.95, अपवर्तनांक (म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वळतो) 1.61 च्या आसपास. जेडाइटचे काठिण्य 6.5 ते 7, विशिष्ट गुरुत्व 3.34 च्या जवळ, अपवर्तनांक 1.66. प्राचीन चीनचे जेड म्हणजे नेफ्राइट. ब्रह्मदेशातले जेडाइट चिनी कारागिरांकडे भरपूर येऊ लागले ते अठराव्या शतकात. त्यामुळे तुमचा नग जेडाइटचा निघाला तर ‘युद्धरत राज्ये’ हा विषय तिथेच संपला, मग कोरीव काम कितीही सुंदर असो.

नकलांमध्ये सर्वांत जास्त आढळते ते सर्पेंटाइन. विशिष्ट गुरुत्व 2.57 च्या आसपास, अपवर्तनांक 1.56. हे मऊ असते, कोरायला सोपे आणि रंग भराभर पिणारे. आपल्या बाजारात ‘इंडियन जेड’ म्हणून मिळते ते तर अव्हेंच्युरिन, म्हणजे गारगोटीचाच भाऊ. त्याचे गुरुत्व 2.65.

विशिष्ट गुरुत्व घरी मोजता येते. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, 500 ग्रॅम क्षमतेचा सोनारी डिजिटल काटा घ्या. हलक्या प्लास्टिकच्या पेल्यात उकळून गार केलेले पाणी भरा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. पेंडंट बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. हवेतल्या वजनाला त्याने भागा. तुमच्या 46.2 ग्रॅमच्या नगाला 15.6 आला तर उत्तर 2.96, म्हणजे नेफ्राइट शक्य. 18 च्या आसपास आला तर सर्पेंटाइन. 13.8 आला तर जेडाइट.

यात चूक होते ती बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे. जाळीकामाच्या कोपऱ्यात आणि भोकात हवा अडकते, पाण्याचा आकडा फुगतो आणि चांगले नेफ्राइट हलके वाटते. मऊ कुंचल्याने बुडबुडे झटका आणि तीन वेळा मोजा. दुसरी अडचण पांढऱ्या पडलेल्या भागाची. तो सच्छिद्र झालेला असतो, त्यामुळे खरे प्राचीन नेफ्राइटही 2.95 पेक्षा कमी भरू शकते. पृष्ठभाग भुगा होऊन हाताला लागत असेल किंवा खाचांत लाल पूड असेल, तर पाण्यात बुडवूच नका.

चाकूने ओरखडा काढून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो देऊ नये आणि ऐकूही नये. ओरखडा उठला नाही तर फक्त दगड पोलादापेक्षा कठीण आहे एवढे कळते, आणि गारगोटीही तशीच कठीण असते. उठला तर नग बिघडला, आणि जमिनीत मऊ पडलेल्या खऱ्या जेडवरही तो उठतोच. रमन किंवा इन्फ्रारेड ही प्रकाशाने होणारी प्रयोगशाळेतली तपासणी नगाला धक्का न लावता खनिज सांगते. प्रयोगशाळेत अपवर्तनमापीवर नग ठेवणार असतील तर त्यासाठी वापरायचा द्रव पांढऱ्या भागाला लावू देऊ नका, डाग पडतो.

आता खरा विषय, हत्यारांच्या खुणा. त्या समजायला जेड कसे कापत, हे माहीत असायला हवे. नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून ते छिन्नीने तासता येत नाही. हातोडी मारली तर हवे तिथे न फुटता भलतीकडे फुटते. ते घासूनच कापावे लागते, आणि कापणारा असतो तो हत्याराचा धातू नव्हे, त्याच्याखाली घोळणारी ओली वाळू: गारगोटीची, गार्नेटची किंवा पुढे कुरुंदाची. दोरी, लाकूड, बांबू, ब्राँझ, लोखंड हे फक्त त्या वाळूला ढकलणारे हात. आजच्या हत्यारात हिऱ्याचे कण धातूवर पक्के बसवलेले असतात आणि ते मिनिटाला हजारो फेरे घेते. सुटे कण आणि बसवलेले कण, मंद गती आणि प्रचंड गती, एवढ्या दोन फरकांतून पुढचे सगळे निघते.

दहापट भिंग आणि बारीक झोताची टॉर्च घ्या. उजेड समोरून टाकू नका. पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, आडवा टाका. रेषा पाहा. फिरत्या चकतीने कोरलेली जुनी रेषा होडीच्या तळासारखी असते, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उथळ होत निमुळती. चकती गोल असल्याने तिला वळण घेता येत नाही. म्हणून कारागीर वक्ररेषा लहान लहान सरळ तुकड्यांनी जोडत जातो. भिंगाखाली ते सांधे दिसतात, कधी एखादा तुकडा थोडा पुढे घसरलेलाही दिसतो. ड्रॅगनच्या डोळ्याभोवतीचे वळण आणि मानेची आयाळ या दोन जागी हे सर्वांत स्पष्ट कळते. आधुनिक हिऱ्याच्या सुईसारख्या बिटने तीच वक्ररेषा एका दमात, एकाच रुंदीने काढता येते. तिचा तळ खडबडीत असतो आणि काठावर सूक्ष्म टवके उडालेले असतात. मात्र फक्त घसरलेले तुकडे पाहून खूश होऊ नका. नकलाकारांनाही ही खूण माहीत आहे आणि ते मुद्दाम तुटक रेषा काढतात. त्यांना जमत नाही ते चराच्या तळाचे गुळगुळीतपण. सुट्या बारीक वाळूने शेवटपर्यंत घासलेला तळ मऊसर दिसतो.

मग भोक. जुन्या पद्धतीत सामत्यासारख्या फिरणाऱ्या दांडीने किंवा पोकळ नळीने, वाळू घालून, बहुधा दोन्ही बाजूंनी भोक पाडत. तोंडाशी रुंद, आत अरुंद, आणि मध्ये जिथे दोन्ही बाजू भेटतात तिथे छोटी पायरी किंवा किंचित तिरकेपणा. आतली वलये एकसारखी नसतात. युद्धरत राज्यांच्या काळापर्यंत लोखंड आले होते, त्यामुळे भोक बरेच नीटस असू शकते. पण तोंडापासून आतपर्यंत काटेकोर एकाच व्यासाचे आणि बाहेर पडताना टवका उडालेले भोक असेल, तर ते आजचे यंत्र. दोऱ्याने झालेली झीज भोकाच्या सगळ्या कडेला सारखी नसते, ओढ ज्या दिशेला तिथेच, म्हणजे वरच्या कडेला असते. खास थडग्यासाठी घडवलेल्या नगाला झीज नसणेही स्वाभाविक आहे, तेव्हा तिचा अभाव विरुद्ध धरू नका. सगळीकडून गोल घासलेली कड मात्र विरुद्ध धरा.

जाळीकाम असेल तर आतल्या भिंती पाहा. येथे चकती पोचत नाही. आधी भोक, मग त्यातून ओवलेली तार, तिला ओली वाळू आणि तासन्‌तास करवतीसारखी ये-जा. तार पुढच्या पृष्ठापासून मागच्या पृष्ठाकडे फिरते, म्हणून भिंतीवरच्या बारीक रेघाही पुढून मागे जातात आणि थोड्या लाटेसारख्या असतात. फिरत्या बिटने भिंत तासली की रेघा पृष्ठाला समांतर पडतात, पुढून मागे नव्हे. नकली नगांचे पितळ मला सर्वाधिक वेळा येथेच उघडे पडलेले दिसते, कारण समोरची बाजू सजवणारा आतल्या भिंतींवर वेळ घालवत नाही. त्याहून स्वस्त नकला अल्ट्रासॉनिक यंत्राने होतात: पोलादी साचा, खाली वाळूचा रबडा, आणि कंपनाने आख्खी नक्षी एकदम दाबली जाते. त्यात सगळे चर सारख्याच खोलीचे आणि तळ दुधी काचेसारखा बारीक खळगेदार. शिवाय असाच हुबेहूब दुसरा नग कुठे ना कुठे विकायला असतोच.

तुमच्या नगावरचे उठावाचे कण हा त्या काळाचा हुकमी अलंकार. मटकीला मोड आल्यावर दाण्याला शेपटी फुटते, तसा प्रत्येक कण गोल आणि एका बाजूला वळलेला. कारागीर आधी तिरक्या रेषांची जाळी आखायचा, मग कणांमधला दगड घासून खाली न्यायचा, शेवटी कण गोलसर करायचा. आखणीच्या या फिकट रेषा बऱ्याचदा कणांमधल्या सपाटीवर शिल्लक राहतात, त्या शोधा. तीन दिशांनी समांतर चर टाकून षट्कोन पाडलेली, चटईच्या विणीसारखी दिसणारी नक्षी ही याचीच बहीण, आणि त्यानंतरच्या हान काळातल्या जेडच्या गोल चकत्यांवर ती खूप दिसते. आजच्या नकलेत प्रत्येक कणाभोवती पोकळ बिटने एकच वर्तुळ फिरवलेले असते. म्हणून कणाच्या पायथ्याशी सारख्याच रुंदीचा गोल चर दिसतो आणि सगळे कण एकाच साच्यातल्या बुंदीसारखे भासतात. खऱ्या नगावर शेपटीच्या निमुळत्या भागात कण लहान होतात, दाटीवाटीने बसतात. कण बोटाला टोचरे लागतात, बाहेरची कडही करकरीत असते, आणि झिलई कणांच्या मधल्या खोलगटातही पोचलेली असते. ड्रममध्ये घोळवून आणलेल्या झिलईत नेमके उलटे होते: कडा बोथट, खोलगट भाग मंद.

आता घडणीकडे. ड्रॅगन सगळ्या काळांत सारखा नाही, आणि नकलाकार सर्वांत जास्त फसतो तो काळांची मिसळ करून. होंगशान संस्कृतीत, म्हणजे आजच्या इनर मंगोलिया आणि लिआओनिंग भागात, 5000 वर्षांपूर्वी, त्याला पाय नाहीत, खवले नाहीत. जाड कडे आणि त्यावर डुकरासारखे तोंड. 1971 मध्ये सानशिंगताला येथे मिळालेला सी आकाराचा ड्रॅगन 26 सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्या अंगावर नक्षी जवळजवळ नाहीच. आहे ती मानेमागची लांब आयाळ. शांग काळात, आनयांगच्या फू हाओ राणीच्या 1976 मध्ये उघडलेल्या थडग्यातून 755 जेड निघाली. त्यांतल्या ड्रॅगनना चौकटी डोळे, बाटलीच्या आकाराची शिंगे आणि अंगावर दुहेरी रेषा. पश्चिम झोऊ काळात त्याच दुहेरी रेषेतली एक बाजू उतरती घासलेली, छपराच्या उतारासारखी. उजेड आडवा टाकला की ती चटकन ओळखू येते. पुढे वसंत-शरद काळात अख्खा पृष्ठभाग इवल्या, एकमेकांत गुंतलेल्या ड्रॅगनमुखांनी भरून जातो.

मग येतो तुमच्या चिठ्ठीवरचा काळ. येथे ड्रॅगन ताणलेल्या धनुष्यासारखा होतो: एस आकार, मागे वळलेले डोके, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा खालचा जबडा, अंगावर कण आणि कडेने बारीक किनार. याच काळाच्या सुरुवातीचा सर्वोत्तम मापदंड म्हणजे हूबेई प्रांतात सुइझोऊ येथे 1978 मध्ये उत्खनन झालेले त्सेंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीचे थडगे, इ.स.पू. 433 च्या सुमाराचे. त्यातले सोळा भागांचे जेडचे लटकन 48 सेंटिमीटर लांब आहे. पाच दगडांतून कापलेले, साखळीसारखे घडी होणारे, आणि त्यावर 37 ड्रॅगन, 7 फिनिक्स, 10 साप. या कामाची मोठ्या आकारातली छायाचित्रे पाहून मगच आपला नग भिंगाखाली घ्या, नजर आपोआप कडक होते. हान काळात ड्रॅगनला अंग येते, पाय येतात, हालचाल येते. ग्वांगझोऊला 1983 मध्ये सापडलेल्या नानयुएच्या राजाच्या थडग्यातले 10.6 सेंटिमीटर व्यासाचे दुहेरी कड्याचे पेंडंट याचा नमुना.

यावरून एक सोपी चाळणी मिळते. तुमच्या ड्रॅगनला पाच नख्या असतील, तो मोत्यामागे धावत असेल, किंवा माशासारखे एकावर एक खवले असतील, तर तो कित्येक शतके उशिराचा आहे. तो ड्रॅगन मिंग-छिंग काळातल्या राजवस्त्रांवरचा. दुसरी चाचणी दोऱ्याची: भोकातून दोरा ओवून लोंबकळू द्या. असे पेंडंट जेडच्या माळेत आडवे लटकायचे, म्हणून भोक तोलाच्या जागी असते आणि ड्रॅगन जवळपास आडवा राहतो. नक्कल छायाचित्रावरून केलेली असेल तर भोक दिसायला बरोबर जागी, पण ड्रॅगन नाकावर झुकतो.

शेपटीच्या पांढरेपणाला मी मुद्दाम मागे ठेवले, कारण विक्रेते त्यालाच पुढे करतात. जमिनीत, विशेषतः अल्कधर्मी ओलाव्यात, पृष्ठभागाचे तंतू सैल होतात, त्यांच्यात पोकळ्या पडतात, उजेड विखुरतो आणि दगड पांढरा, अपारदर्शक होतो. भिंतीला लोणा लागावा तसा हा बदल सच्छिद्र भागापासून, शिरांच्या बाजूने पसरतो. नक्षीची त्याला फिकीर नसते. म्हणून पांढरेपणा चराच्या काठावरून तळात उतरून पलीकडे चढलेला हवा. चराचा तळ ताजा, पारदर्शक आणि काठ पांढरे असतील तर कोरीव काम पांढरे पडल्यानंतरचे: जुना साधा तुकडा घेऊन त्यावर नव्याने नक्षी काढली आहे. दगड खरा, बदलही खरा, दावा खोटा. ही फसवणूक प्रयोगशाळेतून सुखरूप बाहेर पडते, म्हणून सर्वांत धोक्याची.

कृत्रिम पांढरेपणा तापवून आणतात. तो सगळीकडे सारखा, हाडासारखा कोरडा असतो आणि भिंगाखाली बारीक तड्यांचे जाळे दिसते. आम्लाने खाल्लेला पृष्ठभाग सर्वत्र एकाच खोलीचे खळगे दाखवतो. तपकिरी रंग चढवला असेल तर तो तड्याच्या तोंडाशी आणि चरांत सर्वांत गडद असतो. जमिनीतला लोहाचा डाग छटा बदलत, दगडाच्या आत मुरत जातो. लाल पूड दिसली तर ती हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे लाल खनिज, असू शकते. प्राचीन थडग्यांत तो खरोखर वापरत. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या तपासणीत पारा दिसेल, पण हिंगूळ आजही विकत मिळतो, त्यामुळे तोही एकट्याने काही सिद्ध करत नाही.

‘खरे’ आणि ‘बनावट’ यांच्या मधला एक मोठा वर्ग लोक विसरतात. सोंग काळापासून (दहावे ते तेरावे शतक) चीनमध्ये पुरातन घाटाचे जेड आवडीने घडवले गेले, आणि अठराव्या शतकात छ्येनलाँग बादशहाच्या कारकिर्दीत तर फारच. ते फसवायलाच केलेले असे नव्हे. ती त्या काळाची रुची होती. तुमचा नग नेफ्राइटचा, चकतीने कोरलेला, पण कण जरा पसरट, कडा बोथट आणि ड्रॅगनचा चेहरा नरम असेल, तर हे उत्तर सर्वांत संभवनीय धरा. अशा वस्तूलाही बाजारात आणि संग्रहालयात मान आहे.

शेवटी कागद. अशा दर्जाचे खरे नग थडग्यांतून निघतात आणि चिनी कायद्याने 1911 पूर्वीच्या वस्तूंची निर्यात बंद आहे. त्यामुळे विक्रेत्याच्या चिठ्ठीपेक्षा 1970 पूर्वीची एखादी पावती, जुन्या लिलावाच्या सूचीतले छायाचित्र किंवा तारखेचे पत्र जास्त मोलाचे; 1970 हे सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराचे वर्ष, म्हणून संग्रहालये आणि लिलावघरे त्याच रेषेवर बोट ठेवतात. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. नग तपासणीसाठी परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्या. ते नाकारले गेले तर नग येथेच राहील, हे गृहीत धरून पाठवणीचा खर्च करा.

तोपर्यंत नगाला तेल, मेण, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावू नका. सोनाराकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तर घालूच नका, पांढरा थर सुटून येतो. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने काढा. लाल पूड असेल तर हातमोजे घाला, गळ्यात घालू नका आणि तापवू नका. दोऱ्याने टांगून ठेवण्याऐवजी फोमच्या खाचेत आडवा ठेवा. जाणकाराला छायाचित्रे पाठवायची असतील तर सहा पाठवा: दोन्ही बाजू मोजपट्टीसह, भोक दोन्हीकडून, जबडा आणि डोळ्याचा जवळून फोटो, आणि पांढऱ्या भागातून जाणारा एक चर, आडव्या उजेडात.